पोटातलं पाणी

माझ्या फोनमध्ये ‘आत्या बॅग’ नावाची एक गुगल शीट आहे. दोनच रकाने. एकात तारीख, दुसऱ्यात एमएल. पहिल्या दिवशी १८०, दुसऱ्या दिवशी ९५, मग ७०, ४०, ४०, १५ आणि शेवटी ५. ऑफिसात मी दिवसभर असलेच आलेख बघतो, सर्व्हरवरचा लोड उतरतोय की नाही ते. पण आलेखाची रेघ खाली जाताना बघून गळा दाटून यायची ती पहिलीच वेळ.

आत्या तलवाड्याला राहते. तालुका गेवराई, जिल्हा बीड. त्वरिता देवीचं गाव म्हणून आसपासचे लोक ओळखतात. तिचं अपेंडिक्स फुटलं, ऑपरेशन झालं, टाके नीट भरले, ती घरी आली. नवव्या दिवशी संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला. दुसऱ्या दिवशी परत. पोट फुगलं, भाकरी जाईना. गेवराईत सोनोग्राफी केली, तर पोटात उजव्या बाजूला ‘कलेक्शन’ आहे म्हणाले. म्हणजे काहीतरी साचलंय, बहुतेक पू. छत्रपती संभाजीनगरला न्या.

शहागड, पाचोड, आडूळ असं करत गाडी निघाली. पोटातलं पाणी हलू न देता जाणे हा वाक्प्रचार ज्याने काढला, तो आमच्या रस्त्यांवरून कधी गेला नसावा. आत्या सगळ्या वाटेत एकच प्रश्न विचारत होती. “लेकरा, परत फाडायलेत का रे पोट?”

मला उत्तर माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते कळलं. फाडायचं नव्हतं. रेडिओलॉजिस्टने सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत तिच्या कुशीतून सुई घातली, सुईतून तार घातली, तारेवरून नळी सरकवली आणि पू पिशवीत उतरायला लागला. भूल फक्त तेवढ्या जागेपुरती. तासाभराने ती चहा मागत होती.

पुढचे काही दिवस माझं काम एवढंच होतं. पिशवीवरचा आकडा शीटमध्ये टाकायचा आणि रात्री हॉस्पिटलच्या बाकावर बसून फोनवर वाचायचं. एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. भोक पाडणं सोपं आहे, ते कुणीही पाडेल. पण नेमकं कुठे पाडायचं, हे माणसाला कधीपासून कळायला लागलं?

*

आधी साचतं कसं ते बघू. पोटाच्या ऑपरेशननंतर आत थोडं पाणी राहिलं म्हणजे डॉक्टरने चूक केलीच, असं नसतं. फुटलेल्या अपेंडिक्समधून घाण सगळीकडे पसरलेली असते, ती कितीही धुतली तरी काही जंतू मागे राहतात. कधी आतड्याचा जोड किंचित पाझरतो. कधी रक्त साकळतं. पित्ताशय काढल्यावर पित्त गळू शकतं, स्वादुपिंडाच्या ऑपरेशननंतर त्याचा रस. माणूस आडवा झोपलेला असतो आणि पोटातला द्रव उताराकडे जातो. यकृताच्या खालचा कोपरा, श्वासपटलाच्या खालची फट, ओटीपोटाचा तळ या त्याच्या ठरलेल्या जागा. पावसाचं पाणी शेतात नेमकं कुठे तुंबणार हे जसं शेतकऱ्याला ठाऊक असतं, तसं सर्जनला हे ठाऊक असतं.

मग शरीर त्याच्याभोवती भिंत बांधतं. ओमेंटम नावाची चरबीची झालर असते, ती सरकत तिथे पोचते, आतड्याची वेटोळी चिकटतात आणि पू एका कप्प्यात कोंडला जातो. ही भिंत म्हणजे एकाच वेळी वर आणि शाप. पू पसरत नाही, म्हणून माणूस वाचतो. पण सलाइनमधून दिलेलं अँटिबायोटिकही आत पुरेसं पोचत नाही, म्हणून ताप उतरत नाही. पू बाहेर काढल्याशिवाय सुटका नाही, हे वैद्यकाला फार आधीपासून माहीत होतं. अडचण होती ती कप्पा शोधण्याची.

सुश्रुतसंहितेत जलोदरातलं पाणी काढायची कृती आहे. मी ती वाचली तेव्हा चकित झालो, कारण ती चक्क प्रोटोकॉलसारखी लिहिली आहे. बेंबीच्या खाली, डावीकडे, मधल्या केसांच्या रेघेपासून चार अंगुळं सोडून जागा धरायची. व्रीहिमुख नावाचं, भाताच्या दाण्यासारख्या टोकाचं शस्त्र वापरायचं. किती खोल जायचं, तर अंगठ्याच्या पेराइतकं. मग दोन्ही बाजूंनी तोंड असलेली धातूची नळी, नाहीतर पिसाची पोकळ दांडी घालून पाणी सोडायचं. आणि सगळं पाणी एका दिवसात काढायचं नाही, नाहीतर रोग्याला तहान, ताप, धाप असे त्रास होतात. नंतर पोट घट्ट बांधायचं. आजही जास्त पाणी एकदम काढलं तर रक्तदाब घसरू शकतो, म्हणून डॉक्टर जपून काढतात. जागा, खोली, नळी, वेग. आत्याच्या फाइलमध्येही हेच चार मुद्दे होते.

पण जलोदर दिसतो. पोट माठासारखं पुढे येतं, पाणी सगळीकडे असतं, एका सुरक्षित जागेवरून आत गेलं की सापडतंच. ऑपरेशननंतरचं कलेक्शन तसं नसतं. ते लिंबाएवढं असेल, आतड्यांच्या मागे असेल, आणि बाहेरून पोट नेहमीसारखंच.

जे हाताला लागायचं, ते निघायचं. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे राजा सातवा एडवर्ड. २६ जून १९०२ ला लंडनमध्ये त्याचा राज्याभिषेक ठरला होता. जगभरातून पाहुणे आले होते. आणि राजाच्या पोटात उजवीकडे गाठ, ताप. अपेंडिक्सभोवती पू झाला होता. २४ जूनला फ्रेडरिक ट्रीव्ह्ज या सर्जनने बकिंगहॅम राजवाड्यातच चिरा देऊन पू काढला, आत नळी ठेवली आणि अपेंडिक्सला हात न लावता बाहेर आला. ट्रीव्ह्जची स्वतःची मुलगी दोन वर्षांपूर्वी अपेंडिक्सच्याच दुखण्यात गेली होती. त्या दिवशी राजवाड्यात त्याच्या मनात काय चाललं असेल, कोण जाणे. राज्याभिषेक ९ ऑगस्टला झाला आणि राजा पुढे जवळपास ८ वर्षं जगला.

राजाची गाठ हाताला लागत होती, हे त्याचं नशीब. खोल पू झालेल्यांचं काय व्हायचं, ते सर्जन लोकांच्या एका जुन्या म्हणण्यातून कळतं: पू आहे हे नक्की, सापडत मात्र कुठेच नाही, म्हणजे तो श्वासपटलाखाली असणार. विनोद वाटतो, पण ती निदानाची खरी पद्धत होती. उचकी लागते का, खांदा दुखतो का, एक्स-रेत श्वासपटल वर सरकलेलं दिसतं का, असे दुरूनचे पुरावे जोडायचे आणि अंदाजाने आत शिरायचं. १९३८ साली अमेरिकेत ऑक्स्नर आणि डेबेकी या दोघांनी श्वासपटलाखालच्या पूच्या ३,६०८ रुग्णांचा आढावा घेतला. त्यातला मोठा प्रश्न हाच होता, की निरोगी पोकळी न उघडता पूपर्यंत कुठल्या वाटेने जायचं. तेव्हाच्या सर्जनकडे कौशल्य होतं, हिंमत होती. डोळे नव्हते. आणि अंदाज चुकला, की पोट सबंध उघडून प्रत्येक कोपरा चाचपायचा. आधीच खंगलेला माणूस, ताजे टाके उसवून परत टेबलावर. आत्याला ज्याची भीती वाटत होती, ते तिने कुठेतरी बघितलेलंच असणार. तिच्या पिढीने ‘परत फाडलं आणि गेला’ हे वाक्य खूपदा ऐकलंय.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडत होती. अमिबामुळे यकृतात होणारा पू हा हिंदुस्थानातला नेहमीचा आजार. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स हा डॉक्टर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगत होता, की हे यकृत उघडून पू काढू नका; उघड्या जखमेतून दुसरे जंतू आत जातात आणि माणूस त्यानेच मरतो. सुईने ओढून काढा. १९१२ मध्ये त्याने एमेटिनचं इंजेक्शन वापरात आणलं आणि औषध अधिक सुई ही जोडी जमली. पुढे १९५३ मध्ये हाँगकाँगच्या मॅकफॅड्झियन आणि सहकाऱ्यांनी साध्या जंतूंमुळे झालेल्या यकृतातल्या पूच्या १४ रुग्णांवर तसंच केलं. बंद पोटातून सुईने पू ओढला, अँटिबायोटिक दिलं, चौदाच्या चौदा बरे झाले. एवढं ठळक यश, तरी सर्जन मंडळींची उघडून बघायची सवय पुढची वीस-पंचवीस वर्षं मोडली नाही. सॉफ्टवेअरमध्येही असंच होतं. जुना कोड चुकीचा आहे म्हणून टिकत नाही, त्याची सगळ्यांना सवय आहे म्हणून टिकतो.

*

आता तीन माणसं येतात, तीन वेगळ्या गावांत. त्यांच्यातल्या एकालाही पोटातल्या पूचा प्रश्न सोडवायचा नव्हता.

पहिला स्वीडनमधला स्वेन-इवार सेल्डिंगर. रेडिओलॉजिस्ट, वय तिशीच्या आसपास. रक्तवाहिनीत जाड नळी घालायची तर तेवढीच जाड सुई टोचावी लागायची. त्याने वेगळाच क्रम लावला. बारीक सुई घालायची, तिच्यातून लवचिक तार आत सोडायची, सुई काढून घ्यायची, आणि तारेवरून नळी सरकवायची. बस. नव्या घरात भिंतीतल्या पाइपातून वायर ओढायला इलेक्ट्रिशियन आधी एक कडक तार घालतो ना, तेच तत्त्व. १९५३ मध्ये त्याने हे छापलं. हे इतकं सोपं आहे की यावर पीएचडी मिळणार नाही, असं त्याला सांगण्यात आलं. मग त्याने दुसऱ्या विषयावर प्रबंध लिहिला. आज जगात कुठेही शिरेत, किडनीत, पोटात नळी घालताना हाच क्रम पाळतात.

दुसरा ग्लासगोचा इयन डोनल्ड, स्त्रीरोगतज्ज्ञ. बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात लोखंडाच्या आतली भेग शोधायला ध्वनिलहरींचं यंत्र वापरतात, हे त्याला कळलं. १९५५ च्या जुलैमध्ये त्याने दोन मोटारींच्या डिक्क्या भरून ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी रेनफ्रूच्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स कारखान्यात नेल्या, तुलनेसाठी मांसाचा एक मोठा तुकडाही नेला. भरीव गाठीतून येणारा प्रतिध्वनी वेगळा आणि पाण्याने भरलेल्या गाठीचा वेगळा निघाला. मग टॉम ब्राउन नावाचा, तेव्हा २३-२४ वर्षांचा इंजिनिअर त्याला येऊन मिळाला. हा मुलगा मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत जवळचा वाटतो. त्याची कंपनी ते भेग शोधायचं यंत्र बनवायची. एक डॉक्टर आपलं यंत्र माणसांवर वापरतोय असं कानावर आलं आणि याने सरळ फोन लावला. ७ जून १९५८ च्या ‘लॅन्सेट’मध्ये डोनल्ड, मॅकव्हिकार आणि ब्राउन या तिघांचा लेख आला. त्यात एका बाईची हकीकत आहे. पोटाचा कॅन्सर, आता काही उपाय नाही असं तिचं निदान झालं होतं. यंत्राने दाखवलं की आत भरीव काही नाही, पाण्याने भरलेली मोठी पिशवी आहे. ती निघाली बीजकोशाची गाठ. काढली, बाई बरी झाली.

सोनोग्राफीच्या पडद्यावर पाणी काळं दिसतं, कारण त्यातून प्रतिध्वनी परत येत नाही. आत काहीतरी साचलंय का, या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर आधी कुठल्याच यंत्राने दिलं नव्हतं.

तिसरा गॉडफ्री हाउन्सफील्ड. शेतकऱ्याच्या घरातला, विद्यापीठाची पदवी नाही, रेकॉर्ड कंपनी म्हणून गाजलेल्या ईएमआयमध्ये इंजिनिअर. ब्रिटनमधल्या सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर संगणकांपैकी एक त्याच्या टीमने बनवला होता. बीटल्सच्या गाण्यांच्या पैशातून सीटी स्कॅन जन्माला आलं, ही गोष्ट इंटरनेटवर फार फिरते. छान आहे, पण ब्रिटनच्या आरोग्य खात्याने घातलेल्या मोठ्या रकमेचा तिच्यात पत्ता नसतो. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या विम्बल्डन भागातल्या हॉस्पिटलमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं स्कॅन झालं. चित्र होतं ८० बाय ८० चौकोनांचं, म्हणजे ६,४०० पिक्सेल. तुमच्या व्हॉट्सअॅपच्या डीपीत याहून जास्त असतात. त्या प्रत्येक चौकोनाला त्याने आकडा दिला. पाणी म्हणजे शून्य, हवा म्हणजे उणे हजार, हाड वर शेकड्यांत. आत्याच्या सीटीच्या रिपोर्टमध्येही कलेक्शनच्या शेजारी एक आकडा होता, शून्याच्या थोडा वर. नुसतं पाणी शून्याजवळ राहतं, पू जरा घट्ट, ताजं साकळलेलं रक्त त्याहून बरंच वर. पोटाला हात न लावता आत काय आहे याचा अंदाज एका आकड्यावरून. १९७९ चं नोबेल हाउन्सफील्डला भौतिकशास्त्रज्ञ अॅलन कॉर्मॅकबरोबर मिळालं.

त्याच वर्षी बॉस्टनमध्ये स्टीफन गेर्झोफ आणि सहकाऱ्यांनी या तिन्ही गोष्टी एकत्र आणून छापल्या. सोनोग्राफी आणि सीटीने पोटातला पू शोधायचा, सुई-तार-नळी या वाटेने आत जायचं, पोट उघडायचं नाही. १९८१ मध्ये त्यांचा ५ वर्षांचा अनुभव ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आला. सुरुवातीला नियम कडक होते. एकच कप्पा हवा, सुईच्या वाटेत आतडं नको, सर्जन तयारीत हवा. हळूहळू नियम सैल होत गेले, कारण माणसं बरी होत होती. कॉन्स्टंटिन कोपने नळीच्या टोकाला डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं आणि आत एक दोरा दिला. दोरा ओढला की वेटोळं आवळतं आणि नळी निसटत नाही. पिगटेल हे तिचं नाव आपल्याकडच्या वॉर्डबॉयलाही पाठ असतं.

नळीची जाडी ‘फ्रेंच’मध्ये मोजतात. पॅरिसला शस्त्रं बनवणारा शारिएर नावाचा कारागीर होता, त्याचं हे माप. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. आत्याची नळी १२ फ्रेंच होती. ४ मिलिमीटर. परत पोट उघडलं असतं, तर जखम वीतभर झाली असती.

*

आत्याला आत नेताना मी दारापर्यंत होतो. रक्त गोठण्याची तपासणी झाली होती. तिला थोडं कुशीवर वळवलं, खाली उशी सरकवली. डॉक्टर म्हणाले, “मावशी, मी सांगितलं की श्वास धरायचा.” पडद्यावर करडी आतडी हलत होती आणि त्यांच्यामध्ये एक काळा, न हलणारा डाग. तिथे जायची वाट आतड्याला टाळून, यकृताला टाळून, कुशीतून तिरकी जात होती. डॉक्टरांनी ती आधी पडद्यावर आखली, मग मला बाहेर जायला सांगितलं. पुढचं मला त्यांनी नंतर समजावून सांगितलं. सुईचं टोक पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यासारखं दिसतं. तो ठिपका काळ्या डागात शिरलेला दिसल्यावरच तार सोडायची. पहिला पू तपासणीला पाठवला, कुठला जंतू आणि कुठलं औषध लागू पडेल ते बघायला. मग रोज सलाइनने नळी धुवायची, म्हणजे ती चोंदत नाही.

आत जायच्या आधी आत्याचं लक्ष भिंतीवरच्या पाटीकडे गेलं होतं. येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. असं निदान कायद्याने गुन्हा आहे. प्रत्येक सोनोग्राफी सेंटरमध्ये ही पाटी असते. आपण इतक्यांदा बघितलेली असते की ती दिसेनाशी होते. आत्याने ती सावकाश वाचली आणि मला म्हणाली, “हे तेच मशीन का रे, पोरी बघायचं?”

मी हो म्हणालो. ती काही बोलली नाही. तिला तीन मुली आहेत.

इथे हा इतिहास बॉस्टन-ग्लासगोहून आमच्या जिल्ह्यात येतो. १९८० च्या दशकात महाराष्ट्रात पोटात सुई घालून पाणी काढायच्या ज्या तपासणीची सगळ्यात जास्त चर्चा झाली, ती पू काढायची नव्हती. ती होती गर्भजल तपासणी. गर्भाभोवतीचं थोडं पाणी सुईने ओढून घ्यायचं, त्यातल्या पेशी तपासायच्या. अनेकदा सोनोग्राफीच्या आधाराने. आनुवंशिक आजार ओळखायला काढलेली ही तपासणी मुलगी आहे का हे बघायला वापरली जाऊ लागली. मुंबईतल्या स्त्री-संघटनांनी आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी आवाज उठवला आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. देशाचा कायदा १९९४ मध्ये संमत झाला, १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. तोवर सुईची गरजच उरली नव्हती. सोनोग्राफी पुरेशी होती. म्हणून २००३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून त्याची पकड यंत्रापर्यंत नेली.

२००१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात १,००० मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये ८०७. राज्यात सर्वात कमी. मी इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा होस्टेलवर ‘बीडचा का?’ या प्रश्नानंतर दुसरा प्रश्न बहुतेकदा हाच असायचा. २०१२ मध्ये परळीचं प्रकरण देशभर गाजलं, आणि त्याच वर्षी केंद्राने नियम आणखी आवळले. पोर्टेबल सोनोग्राफी मशीन नोंदणी झालेल्या जागेतच, तिथे दाखल असलेल्या रुग्णांसाठी वापरायचं, किंवा फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणून. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त २ ठिकाणी नोंदणी.

जगभर या काळात उलटं चाललं होतं. सोनोग्राफी मशीन लहान होत होतं, खाटेपाशी जात होतं, अँब्युलन्समध्ये जात होतं, आता तर फोनला जोडता येतं. सुई घालणारा हात आणि बघणारं यंत्र एकत्र फिरू लागले. आमच्याकडे यंत्राला सील, रजिस्टर आणि पत्ता असतो. कायदा माणसाचं पोट बघत नाही, यंत्र बघतो. ते यंत्र आत्याच्या पूसाठी निघालंय की दुसऱ्याच कशासाठी, हे त्याला बाहेरून कळणार कसं?

रेडिओलॉजिस्टांच्या संघटना या नियमांबद्दल तक्रार करतात, नुसत्या कागदपत्रांच्या चुकीलाही शिक्षा होते म्हणतात. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१९ मध्ये न्यायालयाने कायदा आहे तसा ठेवला. त्यांची अडचण मला कळते. पण ८०७ हा आकडा माझ्या जिल्ह्याने मिळवलेला आहे, बाहेरून कुणी लादलेला नाही. ज्या डॉक्टरांनी, ज्या कुटुंबांनी तो आणला, त्यांनी या यंत्रावरचा विश्वास खर्च करून टाकला. बिल मागाहून दुसऱ्यांच्या नावावर आलं. म्हणून नियम सैल करा असं माझ्या तोंडून निघत नाही, आणि ते बरोबरच आहेत असंही, आत्याला तापात घेऊन तो रस्ता तुडवल्यावर, सहज निघत नाही.

शिवाय कायद्यालाच सगळा दोष देणं सोयीचं आहे, म्हणून खोटं आहे. गेवराईत मशीन होतं, त्यानेच तर कलेक्शन दाखवलं. नव्हता तो हात. सुई-तार-नळी रोज करणारा रेडिओलॉजिस्ट, काही बिनसलं तर लगेच पोट उघडू शकणारा सर्जन, सीटी, आयसीयू, रक्तपेढी हे सगळं एका छताखाली लागतं. बीडमध्ये अंबाजोगाईला सरकारी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७० च्या दशकापासून आहे, संभाजीनगरची घाटी त्याच्याही आधीची. पण पोटाची ऑपरेशनं या मोठ्या ठिकाणांपुरती राहिलेली नाहीत. ती तालुक्यातालुक्यांत होतात. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशवी काढण्याच्या बातम्यांनंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पाहणी केली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं हे ऑपरेशन झालेलं होतं. गर्भपिशवी काढल्यावर ओटीपोटात रक्त किंवा पू साचणं ही माहीत असलेली गुंतागुंत आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळी निघते, कोयता घेऊन बाई सांगली-कोल्हापूरला किंवा कर्नाटकात जाते. तिथे फडावर तिला संध्याकाळचा ताप आला, तर तो कशाचा आहे हे कुठलं यंत्र बघणार? पोट उघडायची सोय जिथवर पोचली, तिथवर पोट न उघडता आत बघायची सोय पोचली नाही. सेल्डिंगरच्या तारेला आता सत्तर वर्षं उलटून गेली.

*

शीटमध्ये ५ आकडा आला, ताप तीन दिवस नव्हता. डॉक्टरांनी परत सोनोग्राफी केली. जिथे काळा डाग होता तिथे आता आतडी येऊन बसली होती, हलत होती. त्यांनी नळीचा दोरा कापला, आत्याला श्वास घ्यायला सांगितलं आणि नळी ओढली. आत वेटोळं झालेलं टोक सरळ होऊन बाहेर आलं. आत्याने ती बघायला मागितली.

“एवढीशीच?”

“एवढीशीच.”

भोकावर एक पट्टी लावली, टाका नाही. संध्याकाळी आम्ही निघालो. शहागडच्या पुलावर तिने गाडी हळू करायला लावली आणि गोदावरीला हात जोडले. मग मागे टेकून म्हणाली, “गेवराईला मशीन हाय की. तिथंच का नाही केलं रे हे?”

मी सांगायला सुरुवात केली. पाटीपासून.